कुंदा कोण? तुम्ही विचारलंत म्हणून

शेजारच्या काकूंनी विचारलं, भाचीने विचारलं, कचेरीत असताना बाजूच्या टेबलावरच्या दोघींनी तर कितीदा विचारलं: तुम्ही एकट्याच कुणाशी बोलत असता? आणि मध्येच 'कुंदा' म्हणता, ती कोण? दर वेळी "काही नाही, हिशेब करत होते" म्हणून मी वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

कुंदा नाही. कधीच नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती कुणी वारलेली मैत्रीण नाही, अंगात येणारं काही नाही. मी तिला मनाने रचलंय, आणि तिच्याशी सिनेमाबद्दल आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल बोलते.

वडील एसटीत. कोरेगाव, वडूज, म्हसवड अशा बदल्या. शाळेत ओळख होईपर्यंत सामान बांधायची वेळ यायची. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूत सिनेमे लागायचे. वडील आणि भाऊ पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या, एकटी. मशीन एकच. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. मग दिवे लागणार, दुसरं रीळ चढणार. तेवढ्या वेळात सगळा तंबू बोलत सुटायचा. माझ्या पोटात तर केवढं साठलेलं असायचं, आणि शेजारी सगळी अनोळखी माणसं. कुंदा तिथे आली.

तिचा स्वभाव पहिल्यापासून ठरलेला. नायिका पावसात धावत सुटली की ही विचारणार, "अगं, हिने चुलीवर दूध ठेवलं होतं ना? ते कोण उतरवणार?"

"बाई, तिचं प्रेम बघ की!"

"प्रेम बघतेच आहे. टांगेवाला भाड्यासाठी ताटकळलाय, तोही बघते."

सिनेमात तिला घर दिसतं आणि घरात सिनेमा. नळाला पाणी आलं की "नायक आला, नायक आला, वाजवा!" भाजी करपली की "मध्यंतर जाहीर करू या." विजेचं बिल बघून ती खलनायकासारखं हसते. एवढंच असतं आमच्या बोलण्यात. त्यात कुणाची निंदा नसते, गुपितं नसतात. आणि त्यावर माझी सकाळ चांगली जाते.

२००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' आला आणि कचेरीत सगळ्यांना माझ्यासाठी शब्द सापडला: केमिकल लोचा. मी तो सिनेमा फार लक्ष देऊन पाहिला. मुन्नाला बापू दिसतात. मला कुंदा दिसत नाही, हा मोठा फरक आहे. पण एक गोष्ट तीच आहे. मुन्नाला जे माहीत नाही, ते त्याच्या बापूंनाही सांगता येत नाही. सगळ्यांसमोर प्रश्न विचारले जातात आणि दिलीप प्रभावळकरांचे बापू गप्प उभे राहतात. त्या प्रसंगाला माझ्या पोटात कालवलं, कारण ते माझ्या बाबतीत आधीच घडून गेलं होतं.

आई अतिदक्षता विभागात होती. रात्री बाहेर बाकावर मी बसलेली. समोरच्या भिंतीवर टीव्ही, आवाज बंद केलेला, त्यावर कुठला तरी जुना हिंदी सिनेमा. नायक डोळ्यांत पाणी आणून आईला काहीतरी सांगत होता.

"काय म्हणतोय गं?" मी विचारलं.

"म्हणतोय, माँ, साखर संपलीय," कुंदा म्हणाली.

मी हसले. मोठ्याने हसले. वळून पाहिलं तर डबा घेऊन भावजय उभी. ती काही बोलली नाही, डबा बाकावर ठेवून गेली. मग मी कुंदाला विचारलं, "आई घरी येईल ना?" तिच्याकडून काहीच आलं नाही. खोटं तरी बोल, म्हटलं. पण ते खोटं मलाच रचायचं होतं आणि मला रचता आलं नाही. पहाटे आई गेली.

तेराव्याला पाहुणे जेवून उठायच्या आत भाऊ म्हणाला, "आई आत मरत होती आणि तू बाहेर हसत होतीस. तुला डॉक्टरला दाखवायला हवं." सगळ्यांसमोर. मी गेले, एकटी गेले. डॉक्टरांनी विचारलं, आवाज कानांनी ऐकू येतो का? ती काही करायला सांगते का? तुम्हाला तिला थांबवता येतं का? मी खरं ते सांगितलं. म्हणाले, हा आजार नाही, झोप नीट घ्या. ते मी घरी येऊन सांगितलं, पण ते ऐकायला कुणी थांबलेलं नव्हतं. त्या मे महिन्यात भाची माझ्याकडे राहायला आली नाही. पुढच्याही नाही. बरीच वर्षं नाही.

मी आईवर हसले नव्हते. हसले नसते तर त्या बाकावर रात्र काढता आली नसती. हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगेन.

मात्र हेही खरं, की त्या रात्री भाऊ खाली औषधांच्या दुकानाशी उभा होता. तोही घाबरला असणार. आई घरी येईल ना, हे मी त्याला विचारलं नाही, कुंदाला विचारलं.

नोकरीला लागले तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं होतं: कुंदा बंद. घरबसल्या मैत्रीण मिळते म्हणून मी खऱ्या मैत्रिणी शोधणार नाही, अशी त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, भीती होती. तिला मी सांगते, बाई, मला मैत्रिणी आहेत, हळदीकुंकवाला घर भरतं, दोघींकडे माझ्या घराची किल्ली आहे. त्यावर ती विचारते, मग आई गेल्याचं पहिल्यांदा कुणाला सांगितलंस? इथे आमचं भांडण अडतं. कितीदा तरी अडलं आहे.

लहान मुलांचं असं असतं, हे भाचीने मला वाचून दाखवलं. अमेरिकेत २००४ साली मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सात वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी असल्याचं आढळलं. तिने प्रेमाने वाचलं. पण तो आकडा मुलांचा आहे. माझ्या वयाला त्याचा आधार घ्यायची माझी इच्छा नाही.

भाची आता कमावते, साताऱ्याला आली की मला सिनेमाला नेते. परवा ऐन सिनेमात माझ्याकडे झुकून तिने विचारलं, "आत्या, कुंदा काय म्हणतेय?" इतक्या वर्षांत घरातल्या कुणी हे विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि रागही आला. कुंदा तेव्हा बोलत होती, चांगलं बोलत होती. मी भाचीला म्हटलं, "सिनेमा बघ." तिला नाव सांगितलं आहे, हा सगळा इतिहास सांगितला आहे. कुंदाचं वाक्य मात्र अजून दिलेलं नाही.