जबड्याचा डॉक्टर शोधताना – माझा अनुभव

नाशिकमध्ये दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही. कॉलेज रोडच्या एका बाजूने चालत निघालं तरी पाट्या वाचून दमायला होतं. पण काकांच्या खालच्या जबड्यात गाठ निघाली आणि त्यांच्या डेंटिस्टने ‘हे माझं काम नाही, ओरल सर्जनला दाखवा’ असं सांगितलं, तेव्हा नेमकं कुणाकडे जायचं हे घरात कुणालाच सांगता येईना.

काकांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. गाल आतून भरल्यासारखा वाटतोय हे ते उन्हाळ्यापासून अंगावर काढत होते. दुखत नव्हतं, म्हणून चाललं. डेंटिस्टने छोटा एक्स-रे काढला तर काळा डाग फिल्मच्या कडेबाहेर जात होता, म्हणून ओपीजीसाठी नाशिकला पाठवलं. ओपीजीत यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे, सगळे दात एकाच फिल्मवर येतात. काही शे रुपयांचं काम. त्या फिल्मवर कधीच बाहेर न आलेली अक्कलदाढ हाडात आडवी दिसत होती आणि तिच्या माथ्याभोवती मोठा काळा गोल.

काका तंबाखू खाणारे. त्यामुळे घरात जो तो कॅन्सरचंच मनात धरून बसलेला, तोंडाने कुणी बोलत नव्हतं. सल्ले मात्र सुरू झाले. एक मामा म्हणाले कान-नाक-घसावाल्याला दाखवा. आतेभावाच्या मते प्लास्टिक सर्जन. ‘नाशिकला कशाला, सरळ मुंबईला न्या’ हे तर आपल्याकडे सर्दीलाही सांगतात. काकांचं स्वतःचं मत वेगळंच: ‘ऑक्टोबरची छाटणी होऊ दे, मग बघू.’

मी पदव्यांपासून सुरुवात केली. पाटीवरच्या ‘डेंटल सर्जन’ने काहीच कळत नाही, कारण बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी, झालेला प्रत्येक डॉक्टर ते लिहू शकतो. पुढे तीन वर्षांचं एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण असतं आणि त्याच्या नऊ शाखा आहेत. रूट कॅनालवाले, तारा बसवणारे, हिरड्यांवाले, कवळीवाले हे सगळे एमडीएसच. आपल्याला हवी ती शाखा ‘ओरल अँड मॅक्झिलोफेशियल सर्जरी’, म्हणजे तोंड, जबडा आणि चेहऱ्याची हाडं. फोन करून मी थेट विचारायचे, ‘डॉक्टरांचं एमडीएस कशात आहे?’ काही ठिकाणी रिसेप्शनवरची मुलगी गोंधळायची, काही ठिकाणी ‘आमच्याकडे सगळं होतं ताई’ असं उत्तर यायचं. या दुसऱ्या उत्तरावर मी फोन ठेवायचे.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मला आमच्या सोसायटीतल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितली. या शाखेचे बरेच डॉक्टर स्वतःच्या पाटीखाली बसलेले नसतात. ते व्हिजिटिंग असतात. आज या डेंटिस्टकडे अवघड अक्कलदाढ, उद्या त्या हॉस्पिटलमध्ये मोडलेला जबडा. पाट्या वाचून ते सापडणार कसे? त्या म्हणाल्या, ‘अपघाताचे पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि विचार, रात्री जबडा मोडलेला पेशंट आला तर तुम्ही कुणाला फोन करता?’

मुंबई-आग्रा हायवे शहरातूनच जातो, त्यामुळे अशा हॉस्पिटलांची कमी नाही. मी वेगवेगळ्या ठिकाणी हाच प्रश्न कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना विचारला. डॉक्टरांपेक्षा सिस्टर सरळ सांगतात असा माझा अनुभव. तेच एक नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं, तेव्हा शोध संपला म्हणायचा.

त्या डॉक्टरांनी फिल्मकडे बघण्याआधी काकांना तोंड उघडायला लावलं आणि काकांचीच तीन बोटं तोंडात उभी मावतात का ते पाहिलं. तंबाखू-सुपारीने तोंड आखडत जातं, ते तपासायची ही पद्धत. मग जीभ, गाल, मानेतल्या गाठी. त्यानंतर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून जाते. गाठीने ती खाली ढकललेली स्पष्ट दिसत होती. सुईने गाठीतलं पाणी काढलं तर पिवळसर, पातळ निघालं. घट्ट, पांढरं निघालं असतं तर पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या जातीची शंका घ्यावी लागली असती, असं ते म्हणाले. तरी नुसत्या पाण्यावर विसंबायचं नाही म्हणून छोटा तुकडा बायोप्सीला गेला. रिपोर्ट आला: डेंटिजेरस सिस्ट. अडकलेल्या दाताच्या माथ्याभोवती पाण्याची पिशवी वाढत जाते आणि हाड पोखरते. कॅन्सर नाही. काकूने त्या दिवशी काळारामाला नारळ फोडला.

उपाय दोन सांगितले. गाठीला तोंडात खिडकी पाडायची, रोज सिरिंजने धुवायचं आणि काही महिन्यांत ती लहान झाली की काढायची. यात नस जास्त सुरक्षित. किंवा एकदाच दाढेसकट सगळी काढून टाकायची. डॉक्टरांनी दोन्हींचे धोके आपणहून सांगितले, त्यात ओठ बधिर राहणं आणि पोखरलेला जबडा मोडणं हेही आलं. मी विचारलं, ‘मोडलाच तर?’ ‘हाड जोडायची प्लेट तयार ठेवूनच सुरू करतो,’ म्हणाले. माझा विश्वास तिथे बसला.

तरी दुसरं मत घेतलं. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजमध्ये या शाखेचा विभाग आहे. केसपेपर काढून रांगेत बसावं लागतं, आधी पीजीचे विद्यार्थी तपासतात, मग सर येतात. अर्धा दिवस जातो. पण तिथे कुणाला आपल्याला ऑपरेशन विकायचं नसतं, त्यामुळे मोकळेपणाने ऐकायला मिळतं. त्यांचंही मत जवळपास तेच पडलं. रोज सिरिंजने धुण्याची शिस्त काकांकडून होणार नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून एकदाच काढायचं ठरलं.

विम्याचं थोडक्यात सांगते: दातांचा खर्च बहुतेक पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे आधी नकार आला. डॉक्टरांनी हे जबड्याच्या हाडातल्या गाठीचं, पूर्ण भूल देऊन करायचं ऑपरेशन आहे असं पत्र दिलं, सोबत बायोप्सीचा रिपोर्ट जोडला, मग मंजूर झालं. हे पत्र अ‍ॅडमिट होण्याआधीच मागून घ्या.

ऑपरेशनच्या दिवशी काकांच्या नाकात नळी घातल्याचं ऐकून काकू घाबरली. तोंड कामासाठी मोकळं लागतं म्हणून भुलीची नळी नाकातून घालतात, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जबडा मोडला नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती. पुढे कित्येक आठवडे भाकरी बंद. पेज, मऊ खिचडी, वरण-भात कालवून. हाड भरेपर्यंत ऊस किंवा शेंगदाणे चावून जबडा मोडून घेतलेले पेशंट आपण पाहिलेत, असं डॉक्टरांनी दम दिल्यासारखं सांगितलं. काकांना तोच दम लागू पडला.

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात अजून मुंग्या आहेत, सुरुवातीपेक्षा कमी. काढलेली गाठ पूर्ण तपासणीला गेली होती आणि तिचाही रिपोर्ट तोच आला. सहा महिन्यांच्या ओपीजीत काळ्या गोलाच्या कडा धूसर व्हायला लागल्यात, म्हणजे हाड भरतंय. पुढचा ओपीजी वर्ष पूर्ण झाल्यावर. तेव्हा आधीच्या सगळ्या फिल्म सोबत न्यायच्या आहेत, म्हणून ती फाईल मी माझ्याकडेच ठेवली आहे.