मैना झोपली

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

संध्याकाळी आबांनी व्हिडिओ पाठवला. मैना, माझ्याकडून त्यांच्याकडे गेलेली घोडी, भर दुपारी कडुलिंबाखाली आडवी पडलीय. बसलेली नाही, आडवी. चारही पाय पसरलेले, मान जमिनीला टेकलेली, आयाळीत मातीच माती. मधूनच खालचा ओठ थरथरतो, पुढचा एक खूर जरासा हलतो. शेजारी आबांची म्हातारी घोडी शेपटीनं माशा वारत उभी. आणि मागून आबांचा आवाज, "ताई, बगा तुमची मैना. लई झोपती."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा छातीत धस्सच झालं. पोटशूळ! पण पोट दुखत असतं तर ती लोळली असती, सारखी कुशीकडे वळून बघत राहिली असती. ही तर गाढ झोपलेली. मग रडू आलं. आनंदाचं म्हणावं, तर तसंही नव्हतं.

माझ्याकडे ती एकदाही अशी झोपली नाही.

निलूला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग चांगलंच झालं की!" हो, चांगलंच झालं. मला कळतं ते. तरी व्हिडिओ परत परत लावून बघतेय आणि दर वेळी तेच मनात येतंय : सगळा पावसाळा आणि निम्मा हिवाळा ती माझ्या दारात होती, मग तिथे का नाही?

घोडा उभ्याउभ्या झोपतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. अर्धंच खरं आहे ते. मागच्या पायाची गुडघ्याची वाटी अडकवून तो न पडता डुलक्या घेऊ शकतो, पण खरी गाढ झोप, स्वप्नांची, ती आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तेवढी लागतेच. आणि आडवं होणं म्हणजे पळायचा हक्क सोडून देणं. ज्या जनावराचं मुख्य हत्यार पळणं, ते असं कुठेही करत नाही.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तेही मैनाच्या जखमांमुळे. पुढच्या पायांच्या घोट्यांवर, समोरच्या बाजूनं, खपल्या धरलेल्या. एक बरी होते तोवर दुसरी. मला वाटायचं, ठेचकाळते. खूर बघितले, नालबंदाला बोलावलं, गोठ्यातले दगड वेचले. डॉक्टर म्हणाले, "ठेचकाळत नाही. झोपत नाही. उभ्याउभ्या खोल झोप लागते, गुडघे सुटतात आणि घोट्यांवर आदळते." त्या रात्री मी दिवा न लावता बसून राहिले आणि पाहिलं. मान खाली खाली गेली, नाक जमिनीला लागायला आलं, आणि एकदम पुढचे दोन्ही पाय दुमडले. दचकून उठली. डोळे पांढरे. पुन्हा तशीच उभी.

काय नाही केलं मग? वाळू अंथरली, भाताचा पेंढा टाकला. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा, हिसारच्या प्रयोगशाळेतला निकाल येईपर्यंत तिला दुसऱ्या कुठल्या घोड्याजवळ नेता येणार नव्हतं, आणि निकाल चांगला आल्यावरही इथे आसपास घोडा आहे कुणाकडे? बकरी आणली. बकुळा दिवसा तिच्या पायात पायात असायची, मैनाच्या पुढ्यातली लसूणघास खाऊन टाकायची, पण रात्र झाली की कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून स्वतःच घोरायची. शेवटी मीच गोठ्यात बाज टाकली. आई म्हणाली ते इथे लिहीत नाही.

आता वाटतं, तिला राखण हवी होती आणि मी राखणीलाच बसले होते, पण तिच्या हिशोबात माणूस राखणदारांत येत नाही. माणूस म्हणजे ज्याच्यापासून राखण करायची तो. मी कितीही हळू बोलले, कितीही गूळ हातावर ठेवला, तरी रात्री अंधारात मी तिच्या आणि दाराच्या मध्ये पडलेली एक माणूसच होते.

हेच लागलंय मनाला. हे एवढंच. ती गेल्याचं नाही. गेली तेव्हा टेम्पोत चढताना खिंकाळली होती, त्याचं काय झालं ते मी नंतर कधीतरी लिहीन.

तिचे कान आठवतात. आली तेव्हा मानेच्या वर हात गेला की मागच्या मागे जायची, डोकं छताला आपटेपर्यंत. फेऱ्या मारायच्या धंद्यात होती ती. पोरं बसवा, उतरवा, आणि उभी राहिली नाही तर कान पिळून धरायचा. त्या माणसाबद्दल आज लिहायचं नाही. तिचा डावा कान मुळातून जाड झालाय, गाठ लागते हाताला. मोरकी कानांवरून सरकवायची सोयच नव्हती, म्हणून मी चांभाराकडून गालाजवळ बक्कल असलेली करून घेतली. कानाला न शिवता घालता यायची. मग रोज खरारा करताना खांद्यापासून सुरुवात. मानेपर्यंत. आयाळीपर्यंत. तिनं डोकं उचललं की हात तिथेच ठेवायचा, पुढे नाही, मागे नाही. तिनं डोकं खाली केलं, काही चघळल्यासारखं तोंड हलवलं, की आपण हात काढून घ्यायचा. दिवाळीच्या सुमारास उजव्या कानाच्या आतला मळ मी कापसानं पुसला. ती उभी राहिली. कान गरम होता.

डावा तिनं मला कधी दिलाच नाही.

रात्री नऊला राहवलं नाही, आबांना फोन केला. कसं विचारावं कळेना, म्हणून खाण्यापिण्याचंच विचारत बसले. कडबा खाते, चंदी वेळेवर, लसूणघास थोडी थोडीच देतो, म्हणाले. मग सरळ विचारलं, "आबा, माझ्याकडे कशी झोपत नव्हती हो?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, एकटं घोडं झोपत नसतंय. आमी मेंढरं घिऊन कोकणात जायचो तवा मुक्कामाच्या वाड्यावर रातच्याला बगायचो. एक घोडी आडवी पडली की दुसरी हुबी. तिची झोप झाली की हिची पाळी. ते त्येंचं त्येंचं असतंय. त्यात आपलं काम न्हाई."

दिवाळीनंतर कोकणाची वाट धरायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, असं आबांचं उभं आयुष्य गेलं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आता फलटणजवळ घरी असतात. मैनाला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणाले होते, ही भीमथडी, आमचीच. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे बुटकं, काटक घोडं. मराठ्यांच्या फौजेत धावलं आणि मग धनगरांच्या बिऱ्हाडाखाली टिकून राहिलं. पाठीवर भांडीकुंडी, वर कोंबड्या, त्यांच्यावर एखादं कोकरू. आता कुठे सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झालीय. मैनाचे कागद नाहीत, त्यामुळे ती भीमथडी आहे की नाही हे कुणी छातीठोक सांगणार नाही. पण आबांच्या घोडीनं तिला पहिल्या दिवशी हुंगलं, एकदा दात दाखवले, आणि संध्याकाळी दोघी एकाच पाटीत तोंड घालून होत्या. मला पाटीजवळ उभं राहायला किती काळ लागला होता!

फोन ठेवता ठेवता आबा म्हणाले, "उजव्या कानाला हात लावू देती बरं का. डाव्याला न्हाई अजून. लावू का मी?"

मी म्हटलं, घाई करू नका. खांद्यापासून सुरू करा, डोकं उचललं की थांबा, खाली केलं की हात काढा. ते ऐकत होते. हं हं म्हणत होते. जन्मभर घोड्यांत राहिलेला माणूस, आणि मला मध्येच थांबवून विचारलं, "हात काढायचा कवा म्हनला? परत सांगा." मी परत सांगितलं. सावकाश सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज सैल झाला.

तिची झोप माझ्या हातात नव्हती. उजवा कान होता. डावा कदाचित आबांच्या हातात असेल. तरी अजून थोडं दुखतंय, दुखू दे.

घोट्यांच्या जखमांचं विचारायचं राहिलं. उद्या फोटो मागवते. दुसऱ्या एका तट्टासाठी विचारणा झालीय, त्यांना कळवायचं आहे की आधी सोबतीला एक शांत म्हातारी घोडी बघते, ती मिळाली तरच हो. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दरवर्षी जाणाऱ्या दादांना सांगून ठेवायला हवं. थकलेल्या घोड्या तिथे कुणी विकत घेत नाही म्हणतात. गोठ्यात एकीऐवजी दोघींची जागा होईल का ते सकाळी फूटपट्टीनं मोजते. मधली भिंत पाडावी लागेल बहुतेक. आणि उरलेला कडबा शनिवारच्या टेम्पोनं आबांकडे पाठवायचाय, नाहीतर बकुळा सगळा नासवेल.