काडीच्या टोकावरचं लोणी

फेस उसळून पार कढईच्या काठाला आला आणि मी ओरडलोच, "गेलं, गेलं!"

शेजारच्या आजोबांनी काडीच्या टोकाला वाटाण्याएवढं लोणी लावलं आणि फेसाला नुसतं टेकवलं. वीतभर फेस डोळ्यांदेखत खाली बसला.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मार्च म्हणजे मेपलच्या झाडांचा गोड रस काढून आटवायचा हंगाम. साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा कुठे लिटरभर पाक, त्यामुळे चुलीपुढून हलायची सोय नाही. लोण्यातल्या स्निग्धाने बुडबुड्यांचा पातळ पापुद्रा फुटतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

आई तर खूशच. "आमच्या गुऱ्हाळात गुळव्या काहिलीत चमचाभर तेल सोडायचा. तेच की हे!" कोल्हापूरकडची ती, इथे कशाचं नवल म्हणून वाटत नाही.

मग आजोबा सहज म्हणाले, त्यांचे वडील डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा दोरीने कढईवर टांगून ठेवायचे. फेस वर आला की त्याला टेकायचा आणि आपसूक खाली. राखणीला माणूस नको.

"काय म्हणाले रे?"

"म्हणाले, पूर्वी लोणी महाग होतं."

धडधडीत खोटं. पण आई दर एकादशीला उकडलेल्या रताळ्यावर हाच पाक घेते. "झाडाचा रस तो, चालतो उपासाला."

आता टांगतात थोडीच, लोणीच तर होतं. तरी घरी येताना तिने बाटली छातीशी धरली होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

तुम्ही असता तर सांगितलं असतं?