मगज

सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एखाद्या किराणा दुकानात जाऊन 'पाव किलो मगज द्या' म्हटलं, तर कुणी दचकत नाही. दुकानदार खरबुजाच्या सोललेल्या पांढऱ्या बिया तोलून पुढ्यात ठेवतो. त्याच दुकानाच्या पायरीवर एखादं पोरगं दोस्तावर खेकसत असतं, 'मगज खाऊ नको बे!' एकाच पायरीवर खायचा मगज आणि न खायचा मगज, दोन्ही. कुणाचा गोंधळ होत नाही.

मूळ फारसी शब्दातच हे सगळं आहे. तिथे 'मग्ज़' म्हणजे कवचाच्या आतला गर. बदामाचा गर मगज, हाडातला गर मगज, आणि कवटीच्या आतला तोही मगजच. टणक काहीतरी फोडायचं आणि आत मऊ ऐवज सापडायचा, एवढीच अट. मला हे फार आवडतं. अक्रोड फोडून पाहिलेल्या कुणालाही ते लगेच पटावं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. फारसीच्या आधीच्या, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत हा शब्द 'मज़्ग' असा आहे, आणि त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे आपली 'मज्जा'. आयुर्वेदाच्या सात धातूंतली सहावी, अस्थीनंतरची. घर एकच, वाटण्या वेगळ्या झाल्या. फारसी भाऊ डोक्यापर्यंत चढला, संस्कृत भाऊ हाडातच राहिला. डोक्यातल्या ऐवजासाठी वैद्यांनी 'मस्तुलुंग' असा भारदस्त शब्द वापरला. तो उच्चारायचा म्हणजेच मगजमारी. हजारो वर्षांनी हे दोघे भाऊ मराठीत पुन्हा एका छपराखाली आले. पाठ्यपुस्तकात 'मज्जासंस्था' आणि 'मज्जारज्जू', तर बोलण्यात 'मगजात शिरत नाही'. अभ्यासाचं काम एकाकडे, वैतागाचं दुसऱ्याकडे. शेजारी असून एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

मग 'मेंदू'चं काय? तर तो सोलापुरात तरी एकटा पडत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'मेदडु' म्हणतात, अक्कलकोटकडच्या कानडी माणसाच्या तोंडी 'मेदुळु' असतं. एका रिक्षात हे तिघे बसले तर शब्दावरून तरी भांडण व्हायचं नाही. 'मेंदू' ऐकला की संस्कृतातला 'मेद', म्हणजे चरबी, आठवतो. योगायोग म्हणा हवं तर, पण पाणी वगळलं तर मेंदूच्या उरलेल्या वजनात सुमारे 60 टक्के स्निग्ध पदार्थच असतात. 'डोक्यात चरबी चढलीय' ही शिवी त्यामुळे जरा फुसकी वाटायला लागते. चरबी तर सगळ्यांच्याच डोक्यात आहे.

तरी माझं मत मगजाला. मेंदू डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या नमुन्यासारखा वाटतो, रंगीत आणि कोरडा. मगज दमतो, पिकतो, तापतो. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, दुपारी दोन वाजता 'माझा मेंदू तापला' असं म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. शिवाय हा शब्द कपड्यांतही शिरलेला आहे. दुलईच्या कडेला जी अरुंद पट्टी शिवतात तिला जुनी माणसं मगजी म्हणतात. आतल्या गराचं नाव थेट काठावर येऊन बसलं.

शाळेत 'मज्जासंस्था' हा धडा आला की वर्गात खसखस पिकतेच. मास्तरांनी कितीही डोळे वटारले तरी पोरांना त्यात फक्त 'मज्जा' ऐकू येते. खरं म्हणजे ती मज्जा वेगळी. 'मज्जा आली' मधली मज्जा ही फारसी 'मज़ा', तिचा मूळ अर्थ चव. हाडातल्या मज्जेशी तिचं काही नातं नाही. रविवारी मटणाच्या रश्श्यातली नळी ताटावर आपटून चोखणाऱ्या माणसाला मात्र हे कुणी समजावायला जाऊ नये.