खिरेश्वरचा सरपंच आणि पाचनईची जीप

हरिश्चंद्रगड पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून चढून पलीकडच्या पाचनई गावाला उतरायचा बेत असेल आणि खिरेश्वरातून एखादं कुत्रं तुमच्यासोबत निघालं, तर पाचनई विसरा. आलात त्याच वाटेने खाली उतरा. "तो जातो आपला आपण परत" असं गावात सांगतील, गडावरचा टपरीवाला सांगेल, वाटेत भेटलेली ट्रेकवाली पोरंही सांगतील. आम्हालाही सगळ्यांनी छातीठोकपणे हेच सांगितलं होतं. साफ थाप.

खरं तर हे लिहायचं डोक्यात नव्हतं. परवा बेकरीतून जिरा बटर आणलं, आणि पुडा फोडला तशी बायको म्हणाली, "सरपंचाचा खाऊ." सरपंच म्हणजे खिरेश्वरातून आमच्यासोबत आलेलं कुत्रं. मग चहा राहिला बाजूला आणि तासभर त्याचंच पुराण. बोलता बोलता जीपवाल्याची आठवण निघाली, डोकं पुन्हा तापलं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. पुढे जाणाऱ्यांचे पैसे तरी वाचतील.

आळेफाट्याहून कल्याणकडची एसटी पकडायची आणि माळशेज घाटाच्या अलीकडे खुबी फाट्याला उतरायचं. फाट्यावर जीपवाले "खिरेश्वर लांब आहे" म्हणून मागे लागतात. बसू नका. पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून सपाट वाट आहे, पाचेक किलोमीटर. एवढं चालवत नसेल तर गडाच्या वाटेवरच्या टोलारखिंडीचं नावही काढू नका.

गावात चहाला थांबलो तिथे हा आला. तांबूस रंग, उजवा कान फाटलेला, मान ताठ. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गावाची पाहणी करायला निघाल्यासारखा आमच्या पुढे चालायला लागला, म्हणून सरपंच. पार्ले-जी पुढे केलं तर हुंगून तोंड फिरवलं. दर शनिवार-रविवारी तेच खाऊन विटला असणार. जिरा बटर मात्र त्याच्या मनात भरलं. दोन्ही पंजांत धरून कडेकडेने कुरतडायचा, संपलं की मातीत सांडलेला एकेक जिऱ्याचा दाणा जिभेने टिपायचा, आणि मग वर बघायचा. पुडा चौघांत मिळून एक होता. आमच्या वाटणीला फार काही आलं नाही.

टोलारखिंडीपर्यंत चढ नेहमीसारखाच. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, तिथे दम खाऊन घ्या, कारण डावीकडे वळलं की कातळ सुरू होतो. "रेलिंग लावलंय, आता काही राहिलं नाही त्यात" हे दुसरं ऐकीव ज्ञान. रेलिंग आहे, पण काही ठिकाणी हाताला हलतं. भार दगडावर टाका, लोखंडावर नको. पावसाळ्यात पहिल्यांदाच येत असाल तर ही वाट नकोच, सरळ पाचनईने जा. सरपंच हा कातळ नागमोडी चढला, नखं खरडत, आणि वर पोचून पुन्हा खाली आला. कारण बायको मध्येच थांबली होती. तिच्या एक पायरी खाली उभा राहिला आणि ती हलेपर्यंत तिथून हलला नाही.

पण खरा वैताग कातळाचा नाही, त्याच्या पुढचा आहे. "कातळ संपला की आलाच गड" असं जो म्हणेल त्याला माझ्यासमोर उभा करा. टेकडी चढा, उतरा, झाडीत शिरा, पुन्हा टेकडी. लोक सात टेकड्या म्हणतात, मी मोजायचं सोडून दिलं होतं. ढोरवाटा फुटतात, दगडावरचे बाण पुसट झालेत, कारवीत शिरलं की दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही. इथे कुत्र्याने आम्हाला वाचवलं. आम्ही भलत्या फाट्याला वळलो की तो खाली बसायचा. भुंकणं नाही, ओढणं नाही, नुसता बसायचा. आम्ही तणतणत मागे फिरलो की उठून चालायला लागायचा. या पट्ट्यात पाणी नाही. माणशी तीन लिटर घ्या, कुत्रं असेल तर त्याचं वेगळं. आणि त्याला सुकामेव्याचा मूठभर चिवडा देऊ नका. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विष आहेत.

गडाबद्दल काय लिहू? केदारेश्वराची गुहा, पुष्करणी, कोकणकडा, सगळ्यांचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. मस्त आहे. पिठलं-भाकरी गरम होती. रात्री सरपंच तंबूच्या दाराशी आडवा पसरला, लघवीला उठलं की त्याला ओलांडून जावं लागायचं.

सकाळी पाचनईला उतरलो. सोपी वाट, लिहिण्यासारखं काही नाही. गावाच्या तोंडाशी आलो आणि तिथल्या कुत्र्यांनी याला घेरलं. कालचा ताठ सरपंच शेपूट पायात घालून माझ्या पोटऱ्यांना चिकटला. बरोबरच आहे, खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, पाचनई अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यात, त्याची हद्दच संपली होती. आपला आपण परत जायचं म्हणजे अख्खा गड पुन्हा चढून पलीकडे उतरायचं, एकट्याने, अभयारण्याच्या जंगलातून. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं. टपरीवाल्याने हे सांगितलं नव्हतं.

त्याला तिथे सोडणं कुणालाच जमेना. म्हणून जीप. गडाच्या आरपार एका दिवसाची वाट आहे, पण रस्त्याने कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असा भलामोठा वळसा पडतो. जीपवाल्याने आमच्याकडे एकदा बघितलं, कुत्र्याकडे एकदा बघितलं आणि 3500 सांगितले. वर कुत्र्याचे 300 वेगळे, "सीट घाण होते" म्हणून. सीटवर आधीच कांद्याची सालं आणि वाळका चिखल होता! घासाघीस केली तर म्हणतो, "मग ठेवा इथेच."

तेव्हा सांगतो ते ऐका. कुत्रं सोबत असेल तर परतीचा रस्ता खिरेश्वरच. नाइलाजाने पाचनईला उतरलातच, तर आधी एकट्याने जाऊन जीपचा भाव ठरवा, कुत्रं तोवर मागे कुणापाशी तरी थांबवा. आमचा सरपंच भाव ठरायच्या आधीच उडी मारून पुढच्या सीटवर जाऊन बसला होता.