सोनेरी कासवभुंगेरा: दुसऱ्या पिढीची नोंद

डर्बनमध्ये गच्चीवरील रताळ्याच्या वेलावर सापडलेल्या ॲस्पिडिमॉर्फा टेक्टा या कासवभुंगेऱ्याची दुसरी पिढी जानेवारीअखेर कोषातून बाहेर पडली आणि मागच्या खेपेस अर्धवट राहिलेले रंगाचे निरीक्षण या वेळी पुढे नेता आले. कीटकशास्त्रज्ञ बोहेमान यांनी १८५४ मध्ये वर्णन केलेली ही जाती आफ्रिकेत दूरवर आढळते. (जुन्या लेखनात प्रजातीचे, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या भागाचे, रूप ‘ॲस्पिडोमॉर्फा’ असे दिसते, त्यामुळे शोध घेताना दोन्ही रूपे वापरावीत.)

मादीने पानाखाली पापुद्र्यांच्या कागदी पुडीत घातलेली अंडी ८ दिवसांत उबली. अळी शेपटीकडील दुतोंडी काट्यावर टाकलेली कात आणि विष्ठा साठवत जाते व मुंगी जवळ आली की ते ओझे छत्रीसारखे पाठीवर आडवे धरते. पान बदलताना एका अळीची ही छत्री माझ्या ब्रशला चिकटून निघून आली. अळी जगली खरी, परंतु पुढची कात टाकेपर्यंत तिच्याजवळ जेमतेम विष्ठेचा एक गोळा होता. तेव्हापासून मी अळीला हात न लावता तिच्यासह पानाचा तुकडाच कापून नव्या पानावर ठेवतो.

कोषातून नुकताच निघालेला भुंगेरा सोनेरी नसतो. तो फिकट असतो आणि त्याच्या कवचाची पसरट कड काचेसारखी आरपार दिसते. सोनेरी झाक येण्यास माझ्याकडील भुंगेऱ्यांना आठवड्याहून अधिक काळ लागला, म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांच्या छायाचित्रांवरून जाती ठरवण्याची घाई करू नये. हे सोने रंगद्रव्याचे नाही. कवचातील अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशातून ही चकाकी निर्माण होते आणि थरांमधील ओलावा गेला की तीही जाते. मेलेला एक नर दोन दिवसांत मातकट तपकिरी झाला होता. त्याला वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवले असता सकाळी पाठीच्या मध्यभागी सोन्याचे ठिपके पुन्हा उमटले, परंतु टिपकागदावर काढताच दुपारपर्यंत ते विझले. संग्रहातील टाचणीला लावलेले नमुने इतके निस्तेज का असतात, याचे उत्तर मला त्या वाटीत मिळाले.

महाराष्ट्रात बेशरमाच्या झुडपांवर याच प्रजातीतील मिलियारिस ही जाती मिळते. ती काळ्या ठिपक्यांची आहे, तरी छत्री धरणाऱ्या अळ्या पाहण्यासाठी तिचे संगोपन करून पाहण्यासारखे आहे. मात्र डबीत ओला कापूस कोंडू नये. माझे तीन कोष बुरशीने गेले ते त्यामुळेच.

तिसऱ्या पिढीत प्रत्येक भुंगेऱ्याचे रोज एकाच वेळी, एकाच प्रकाशात, राखाडी कार्डावर छायाचित्र घेणार आहे.