पेठचा लाल डबा

आज कामानिमित्त गाडीने नाशिक जिल्ह्यातल्या पेठला जाऊन आलो. सावळघाट कधी मागे पडला, कळलंसुद्धा नाही!

१९८५ च्या आसपास नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवरून याच रस्त्याला एसटी निघायची. आत नागलीची पोती, सीटखाली पाय बांधलेल्या कोंबड्या. घाट लागला की ड्रायव्हर पहिला गिअर टाकायचा, तो लांबलचक दांडा असा थरथरायचा की बॉनेटवर बसलेल्यांचे दात वाजायचे. (ती जागा वशिल्याशिवाय मिळत नसे, बरं का.) कंडक्टर पंच कटकटवत गर्दीतून वाट काढायचा. कोण कुठल्या पाड्याच्या फाट्यावर उतरणार, त्याला तोंडपाठ. एखाद्या आजीला चंची सोडून सुट्टे मोजायला वेळ लागला तर म्हणायचा, "राहू दे गं आजी, करंजाळी येईपर्यंत मोज."